पिण्याच्या पाण्यातील आर्सेनिक : रूपे व मापन

पिण्याच्या पाण्यातील आर्सेनिक : आर्सेनिक (अणुक्रमांक ३३) हे मूलद्रव्य नैसर्गिक पाण्यात एकाच स्वरूपात नसून निरनिराळ्या रासायनिक रूपांत विरघळलेले असते. या रूपांची विषाक्तता, मातीच्या कणांना चिकटून राहण्याची प्रवृत्ती आणि शुद्धीकरणास मिळणारा प्रतिसाद ही परस्परांहून बरीच भिन्न आहेत. त्यामुळे पाण्यात एकूण आर्सेनिक किती आहे, हे कळल्याने निम्माच प्रश्न सुटतो; ते कोणत्या रूपात आहे, हा उरलेला प्रश्न होय. आर्सेनिकमिश्रित पाण्याला रंग, वास वा वेगळी चव नसते. अशा पाण्याने होणारे विकार दिसू लागण्यास बहुधा अनेक वर्षे जावी लागतात. म्हणून या विषाच्या बाबतीत रासायनिक परीक्षण हाच सावधगिरीचा मार्ग ठरतो. त्या परीक्षणाचा इतिहास सुमारे दोन शतकांचा असून त्यात न्यायवैद्यक, अन्नपरीक्षण, सागरविज्ञान व सार्वजनिक आरोग्य या चारही शाखांचा वाटा आहे.

रूपे व गुणधर्म : भूजलात प्रामुख्याने आर्सेनिकाची दोन अकार्बनी रूपे आढळतात. त्रिसंयुजी आर्सेनिक हे आर्सेनियस अम्लाच्या (आर्सेनाइट) व पंचसंयुजी आर्सेनिक हे आर्सेनिक अम्लाच्या (आर्सेनेट) स्वरूपात असते. ज्या पाण्याचा हवेशी संपर्क असतो, त्यात आर्सेनेटाचे प्राबल्य असते. ऑक्सिजनाचा अभाव असलेल्या खोल थरांतील पाण्यात आर्सेनाइटाचे प्रमाण वाढते. आर्सेनियस अम्ल हे अत्यंत दुर्बल अम्ल असल्याने पीएच मूल्य सु. ९ पर्यंत ते बहुतांशी विद्युत् भाररहित रेणूच्या रूपात राहते. उलट आर्सेनिक अम्लाचे नेहमीच्या पिण्याच्या पाण्यात विगमन होऊन ऋण भारित आयन बनतात. भाराचा हा एक फरक पुढील सर्व मापनपद्धतींच्या व शुद्धीकरणाच्या मुळाशी आहे.

याशिवाय सूक्ष्मजीव, शैवले व प्राणी यांच्या शरीरात आर्सेनिकाला मिथिल गट जोडले जाऊन मोनोमिथिल आर्सॉनिक अम्ल व डायमिथिल आर्सिनिक अम्ल ही कार्बनी संयुगे तयार होतात. पृष्ठजलात व समुद्राच्या पाण्यात ती अल्प प्रमाणात सापडतात. भूजलात त्यांचे प्रमाण बहुधा नगण्य असते. मासे व कवचधारी जलचर यांच्या मांसात आर्सेनोबिटेन हे संयुग विपुल असते. ते १९७७ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातील शेवंड्यातून वेगळे करण्यात आले. ते जवळजवळ निर्विष असून शरीरातून न बदलता बाहेर पडते.

आर्सेनाइट हे एंझाइमांतील गंधकयुक्त गटांना घट्ट बांधले जाते व त्यांचे कार्य बंद पाडते. आर्सेनेटाची रचना फॉस्फेटासारखी असल्याने ते पेशींच्या ऊर्जाविनिमयात फॉस्फेटाची जागा घेते. तीव्र विषबाधेच्या दृष्टीने आर्सेनाइट अधिक घातक समजतात. तथापि शरीरात आर्सेनेटाचे क्षपण होऊन त्याचे आर्सेनाइटात रूपांतर होते, म्हणून दीर्घकालीन सेवनाच्या दृष्टीने दोन्ही रूपे धोकादायकच होत.

प्राचीन ओळख : आर्सेनिकाची खनिजे भारतात फार पूर्वीपासून परिचित आहेत. हरताळ व मनशीळ ही आर्सेनिकाची सल्फाइडे असून सोमल म्हणजे आर्सेनिक ट्रायऑक्साइड होय. रसशास्त्रात या तिन्हींच्या शोधनाच्या कृती दिलेल्या आहेत. पोथ्यांतील चुकलेली अक्षरे झाकण्यासाठी लेखक पिवळा हरताळ लावीत, त्यावरून ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार मराठीत रूढ झाला. यूरोपात मूलद्रव्य स्वरूपातील आर्सेनिक वेगळे करण्याचे श्रेय सामान्यतः तेराव्या शतकातील आल्बेर्टुस माग्नुस यांस देतात. सोमल रंगहीन व जवळजवळ बेचव असल्याने अन्नातून विषप्रयोग करण्यासाठी त्याचा वापर सर्वत्र होत असे आणि तो सिद्ध करण्याचे खात्रीचे साधन एकोणिसाव्या शतकापर्यंत उपलब्ध नव्हते.

मार्श परीक्षा : वुलिच येथील शस्त्रनिर्मितिशाळेत काम करणारे इंग्रज रसायनशास्त्रज्ञ जेम्स मार्श यांना १८३० नंतरच्या दशकारंभी एका विषप्रयोगाच्या खटल्यात साक्ष द्यावी लागली. त्यांनी हायड्रोजन सल्फाइडाच्या साहाय्याने आर्सेनिकाचा पिवळा साका मिळविला होता. परंतु पंचांपुढे तो सादर करेपर्यंत बिघडला आणि आरोपी सुटला. या अनुभवानंतर मार्श यांनी १८३६ मध्ये आपली सुप्रसिद्ध परीक्षा प्रसिद्ध केली. जस्त व अम्ल यांच्या विक्रियेने निर्माण होणारा हायड्रोजन आर्सेनिकाशी संयोग पावून आर्साइन हा वायू बनतो, हे कार्ल व्हिल्हेल्म शेले यांनी १७७५ मध्येच दाखविले होते. हा वायू जाळून त्याच्या ज्योतीत थंड चिनी मातीचा तुकडा धरल्यास त्यावर आर्सेनिकाचा काळसर चकचकीत थर जमतो. अँटिमनीनेही असाच थर बसतो. मात्र आर्सेनिकाचा थर सोडियम हायपोक्लोराइटाच्या विद्रावात विरघळतो व अँटिमनीचा विरघळत नाही.

१८४० मध्ये फ्रान्समधील लाफार्ज खटल्यात या परीक्षेची कसोटी लागली. स्थानिक तज्ञांचे निष्कर्ष परस्परविरोधी आले. अखेर पॅरिसहून आलेले माथ्यू ऑर्फिला यांनी मृतदेहात आर्सेनिक असल्याचे दाखवून दिले. परीक्षेत वापरलेले जस्त व अम्ल यांतच आर्सेनिक असू शकते, ही अडचण याच काळात लक्षात आली. त्यामुळे नमुन्याशिवाय केवळ विक्रियाकारकांवर तोच प्रयोग करून पाहण्याची पद्धत रूढ झाली. वैश्लेषिक रसायनशास्त्रात आजही ती अनिवार्य मानतात.

ह्यूगो राइन्श यांनी १८४१ मध्ये तांब्याच्या पत्र्यावर आर्सेनिक जमविण्याची सोपी परीक्षा सुचविली. माक्स गुटसाइट यांनी १८७९ मध्ये आर्साइन वायू न जाळता तो सिल्व्हर नायट्रेट लावलेल्या कागदावर सोडून कागदाच्या रंगावरून आर्सेनिक ओळखण्याची पद्धत दिली. पुढे त्या जागी मर्क्युरीच्या लवणांचा कागद आला. आर्सेनिकाच्या प्रमाणानुसार त्यावर फिकट पिवळ्यापासून तपकिरीपर्यंत डाग पडतो. ही गुटसाइट परीक्षा थोड्याफार फरकाने आजही खेडोपाडी वापरली जाते.

या सर्व परीक्षांचे एक समान लक्षण म्हणजे त्यांत अकार्बनी आर्सेनिकाची दोन्ही रूपे अखेर आर्साइनात वा धातुसदृश थरात परिवर्तित होतात. शरीराच्या ऊतकांचे परीक्षण करण्यापूर्वी ती तीव्र अम्लात शिजवावी लागत असल्याने कार्बनी रूपेही नष्ट होत. विषप्रयोग झाला की नाही, एवढाच न्यायालयापुढील प्रश्न असल्याने रूपभेद पुसला गेल्याची उणीव कोणास भासली नाही. वास्तविक रूपे वेगळी ओळखण्याचे ज्ञान प्रयोगशाळेत होते. सिल्व्हर नायट्रेटाने आर्सेनाइटाचा साका पिवळा, तर आर्सेनेटाचा तांबूस तपकिरी येतो. सोडियम बायकार्बोनेटयुक्त विद्रावात आयोडिनाने केवळ आर्सेनाइटाचेच ऑक्सिडीभवन होते. पण या विक्रिया खनिजे व औषधे यांतील मोठ्या राशींपुरत्या उपयोगी होत्या. पाण्यातील सूक्ष्म अंशांपर्यंत त्यांची पोच नव्हती.

मँचेस्टरची विषबाधा व पहिली मर्यादा : १९०० मध्ये इंग्लंडमधील मँचेस्टर व आसपासच्या भागांत बीअर पिणाऱ्या सहा हजारांहून अधिक लोकांना आर्सेनिकाची बाधा झाली व किमान ७० लोक मृत्युमुखी पडले. बीअरसाठी वापरलेली साखर ज्या सल्फ्यूरिक अम्लाने तयार केली होती, ते आर्सेनिकयुक्त पायराइटापासून बनविलेले होते. रोग्यांच्या हातापायांतील संवेदना गेल्याने प्रथम हा विकार अतिमद्यपानाचा परिणाम समजण्यात आला होता. चौकशीसाठी लॉर्ड केल्व्हिन यांच्या अध्यक्षतेखाली राजकीय आयोग नेमण्यात आला. त्याने १९०३ च्या अंतिम अहवालात द्रव खाद्यपेयांसाठी एका गॅलनमागे एकशतांश ग्रेन, म्हणजे दर लिटरमागे सु. ०·१४ मिग्रॅ. ही मर्यादा सुचविली. आर्सेनिक ‘आहे की नाही’ याऐवजी ‘किती आहे’ हा प्रश्न सार्वजनिक आरोग्याच्या कक्षेत अशा रीतीने आला.

पाण्यापासून होणारे विकार : पिण्याच्या पाण्यातील आर्सेनिकामुळे होणाऱ्या त्वचाविकाराची नोंद सायलीशियातील रायखेनश्टाइन (सध्याचे पोलंडमधील झ्वोटी स्टोक) या खाणीच्या गावी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाली. अर्जेंटिनातील कॉर्दोव्हा प्रांतात विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात विहिरीच्या पाण्याशी अशाच विकाराचा संबंध जोडण्यात आला. तैवानच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर खोल आर्टेशियन विहिरींचे पाणी पिणाऱ्या लोकांत पायांची बोटे काळी पडून झडण्याचा ‘कृष्णपाद’ रोग पसरला होता. तेथे वन-पिंग त्सेंग व त्यांचे सहकारी यांनी ४०,४२१ लोकांची तपासणी करून १९६८ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाण्यातील आर्सेनिक जसे अधिक, तसे त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाणही अधिक, हे त्यांनी आकड्यांनिशी दाखविले. चिलीतील आंतोफागास्ता शहराला १९५८ मध्ये नव्या नदीचे पाणी देण्यात आले. त्यात दर लिटरमागे सरासरीने सु. ८०० मायक्रोग्रॅम आर्सेनिक होते. शुद्धीकरण केंद्र १९७० मध्ये सुरू झाल्यावर हे प्रमाण घटले. परंतु मूत्राशय व फुप्फुस यांच्या कर्करोगाचे वाढीव प्रमाण त्यानंतरही कित्येक दशके टिकून राहिले. विषसेवन थांबले तरी त्याचा परिणाम थांबत नाही, ही गोष्ट या शहराच्या अनुभवावरून स्पष्ट झाली.

मानके : अमेरिकेत १९४२ मध्ये पिण्याच्या पाण्यासाठी दर लिटरमागे ५० मायक्रोग्रॅम ही मर्यादा ठरविण्यात आली. जागतिक आरोग्य संघटनेने १९५८ मध्ये २०० मायक्रोग्रॅम व १९६३ मध्ये ५० मायक्रोग्रॅम ही मर्यादा दिली. कर्करोगविषयक पुरावा वाढत गेल्यावर १९९३ मध्ये ती १० मायक्रोग्रॅमवर आणण्यात आली. या मूल्याला ‘तात्पुरते’ असे विशेषण लावलेले आहे. कारण याहून कमी प्रमाणही निर्धोक असल्याची खात्री नसली, तरी ते मोजणे व साधणे अनेक ठिकाणी अवघड आहे. अमेरिकेने १० मायक्रोग्रॅमची मर्यादा २००१ मध्ये स्वीकारून २००६ पासून अंमलात आणली. भारतीय मानक १०५०० च्या १९९१ च्या आवृत्तीत ५० मायक्रोग्रॅम ही मर्यादा होती. पुढे ती १० मायक्रोग्रॅम करण्यात आली. बांगला देशात ५० मायक्रोग्रॅमचेच मानक चालू राहिले. म्हणजे एकाच विहिरीचे पाणी सीमेच्या एका बाजूस योग्य व दुसऱ्या बाजूस अयोग्य ठरू शकते.

ही सर्व मानके एकूण आर्सेनिकासाठी आहेत. आर्सेनाइट व आर्सेनेट यांचे पाण्यात व शरीरात परस्परांत रूपांतर होत असल्याने पाण्यापुरते हे धोरण योग्य समजले जाते. अन्नाच्या बाबतीत मात्र रूपभेद टाळता येत नाही. तांदळात अकार्बनी आर्सेनिक व डायमिथिल आर्सिनिक अम्ल ही दोन्ही असतात. म्हणून आंतरराष्ट्रीय अन्नसंहिता आयोगाने २०१४ मध्ये सडलेल्या तांदळासाठी दर किग्रॅ.मागे ०·२ मिग्रॅ. ही मर्यादा केवळ अकार्बनी आर्सेनिकासाठी निश्चित केली.

रूपभेदाचे मापन : विसाव्या शतकाच्या मध्यास एकूण आर्सेनिकाचे मापन अधिक काटेकोर झाले. व्ही. व्हाशाक व व्ही. शेदिव्हेत्स यांनी १९५२ मध्ये आर्साइन वायू सिल्व्हर डायएथिल डायथायोकार्बामेटाच्या पिरिडिनातील विद्रावात शोषून तयार होणाऱ्या लाल रंगाची तीव्रता मोजण्याची पद्धत दिली. ती कित्येक दशके जलपरीक्षण प्रयोगशाळांची प्रमाणभूत पद्धत होती. डब्ल्यू. होलाक यांनी १९६९ मध्ये आर्साइन वायू अणुशोषण वर्णपटमापकात सोडून मापन केले. या पद्धतीने दर लिटरमागे एक मायक्रोग्रॅमहून कमी आर्सेनिकही मोजता येऊ लागले.

रूपभेदाचा प्रश्न सागरविज्ञानातून पुढे आला. मॉलिब्डेनम निळ्याच्या विक्रियेत फॉस्फेट व आर्सेनेट दोन्ही निळा रंग देतात, आर्सेनाइट देत नाही. समुद्रातील फॉस्फेट मोजताना आर्सेनेटामुळे येणारी चूक काढून टाकण्यासाठी डी. एल. जॉन्सन व एम. ई. क्यू. पिलसन यांनी १९७२ मध्ये या तिघांचे वेगवेगळे मापन करण्याची पद्धत वर्णिली. अशा रीतीने प्रारंभी आर्सेनेट ही मापनातील केवळ एक अडचण होती.

निर्णायक पाऊल अमेरिकेतील आर. एस. ब्रामन व सी. सी. फोरबॅक यांनी १९७३ मध्ये टाकले. सोडियम बोरोहायड्राइड या क्षपणकारकाने सौम्य अम्लतेत आर्सेनाइटाचेच आर्साइन बनते. अम्लता तीव्र केल्यावर आर्सेनेटाचेही क्षपण होते. मिथिलयुक्त संयुगांपासून मिथिलयुक्त आर्साइने मिळतात. हे वायू द्रव नायट्रोजनाने थंड केलेल्या नळीत गोठवून नंतर ती नळी हळूहळू तापविली असता आर्साइन (उकळबिंदू −६२·५° से.) प्रथम व मिथिल गट जसजसे वाढतील तसतसे इतर वायू क्रमाने बाहेर पडतात. त्यांचे एकेक मापन करून चारही रूपांचे प्रमाण कळते. ब्रामन व फोरबॅक यांना नैसर्गिक पाणी, शिंपले, मानवी मूत्र अशा विविध नमुन्यांत मिथिलयुक्त आर्सेनिक आढळले. सूक्ष्मजीव आर्सेनिकाला मिथिल गट जोडतात, हे त्यापूर्वी भिंतींच्या कागदावरील आर्सेनिकयुक्त हिरव्या रंगावर वाढणाऱ्या बुरशीच्या अभ्यासातून बार्तोलोमेओ गोझिओ व फ्रेडरिक चॅलेंजर यांनी दाखविले होते. ही क्रिया निसर्गात सर्वत्र चालते, हे आता मापनाने सिद्ध झाले. एम. ओ. आंद्रेए यांनी १९७७ मध्ये हीच दिशा अधिक विकसित केली.

यानंतर उच्च कार्यक्षमता द्रव वर्णलेखनाने रूपे वेगळी करून प्रवर्तनीय युग्मित आयनद्रायू द्रव्यमान वर्णपटमापकाने त्यांचे मापन करण्याची जोडपद्धत आली. हा वर्णपटमापक १९८० मध्ये प्रथम वर्णिला गेला. आयन विनिमयी स्तंभातून भाररहित आर्सेनाइट लवकर व अधिक भारित आर्सेनेट उशिरा बाहेर पडते आणि प्रत्येक रूपाचा स्वतंत्र शिखरबिंदू मिळतो. आर्सेनिकाचा ७५ द्रव्यमानांकाचा एकच स्थिर समस्थानिक आहे आणि उपकरणातील आर्गॉन व पाण्यातील क्लोरीन यांच्या संयोगाने बनणाऱ्या आयनाचे द्रव्यमानही ७५ च भरते. त्यामुळे खाऱ्या पाण्यात नसलेले आर्सेनिक दिसण्याचा संभव असतो. वर्णलेखनाने क्लोराइड आधीच वेगळे केल्यास किंवा उपकरणात विक्रियाकक्ष बसविल्यास ही चूक टळते.

नमुन्याचे जतन : रूपभेदाच्या मापनातील सर्वांत मोठी अडचण उपकरणाची नसून नमुन्याची आहे. जमिनीखालील पाणी वर येताच त्याचा हवेशी संपर्क होतो. त्यातील फेरस लोहाचे ऑक्सिडीभवन होऊन तांबूस साका पडतो व तो आर्सेनिक, विशेषतः आर्सेनेट, आपल्याबरोबर खाली नेतो. आर्सेनाइटाचेही हळूहळू आर्सेनेट होते. परिणामी प्रयोगशाळेत पोहोचलेल्या बाटलीतील पाणी विहिरीतील पाण्याहून वेगळे असते. यावर उपाय म्हणून नमुना जागीच गाळून त्यात अम्ल किंवा लोह बांधून ठेवणारे ईडीटीए घालतात व तो थंड आणि अंधारात ठेवतात. दुसरा मार्ग म्हणजे रूपे विहिरीच्या काठावरच वेगळी करणे. डब्ल्यू. एच. फिक्लिन यांनी १९८३ मध्ये दाखविल्याप्रमाणे पाणी ऋणायन विनिमयी रेझिनाच्या लहान स्तंभातून सोडले असता आर्सेनेट अडकून राहते व आर्सेनाइट पार जाते. मग दोन्ही भाग सावकाश मोजता येतात.

बंगालचे खोरे : गंगा, ब्रह्मपुत्रा व मेघना यांच्या गाळाच्या प्रदेशात तळी व उघड्या विहिरी यांच्या दूषित पाण्यामुळे अतिसार व पटकी यांनी बालके मोठ्या संख्येने दगावत असत. त्यावर उपाय म्हणून १९७० नंतर हातपंपाच्या उथळ कूपनलिकांचा प्रसार करण्यात आला. त्यांचे पाणी जंतुविरहित असल्याने ते सुरक्षित मानले गेले. आर्सेनिकासाठी त्याची तपासणी झाली नाही. १९८३ मध्ये कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधील त्वचारोगतज्ञ के. सी. साहा यांनी पश्चिम बंगालमधील रुग्णांच्या तळहात-तळपायांवरील खरखरीत गाठी व छातीवरील ठिपके ही आर्सेनिकबाधेची लक्षणे असल्याचे ओळखले. पुढे जादवपूर विद्यापीठातील दीपंकर चक्रवर्ती व त्यांचे सहकारी यांनी १९८८ पासून हजारो विहिरींचे परीक्षण केले. बांगला देशात चापाई नवाबगंज जिल्ह्यातील विहिरींत १९९३ मध्ये आर्सेनिक आढळले.

ब्रिटिश भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने १९९२ मध्ये बांगला देशाच्या काही भागांतील भूजलाचे रासायनिक परीक्षण केले होते. त्यात अनेक मूलद्रव्यांचा समावेश होता, आर्सेनिकाचा नव्हता. यावरून दाखल झालेल्या दाव्यात ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने २००६ मध्ये असा निर्णय दिला की, संस्थेने पाणी पिण्यास योग्य असल्याचे म्हटले नव्हते व तेथील रहिवाशांप्रती तिच्यावर तसे कायदेशीर उत्तरदायित्व येत नव्हते. कायद्याच्या दृष्टीने प्रश्न मिटला; तथापि परीक्षणाच्या यादीत जे नसते, ते अहवालात दिसत नाही आणि अहवालात न दिसलेले अस्तित्वातच नाही असे गृहीत धरले जाते, हा धडा जलपरीक्षणाच्या इतिहासात महत्त्वाचा ठरला.

याच संस्थेने बांगला देशाच्या सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी विभागाबरोबर पुढे केलेल्या देशव्यापी सर्वेक्षणात ३,५३४ विहिरी तपासण्यात आल्या. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अहवालानुसार १५० मी.पेक्षा उथळ विहिरींपैकी २७% विहिरींत ५० मायक्रोग्रॅमहून व ४६% विहिरींत १० मायक्रोग्रॅमहून अधिक आर्सेनिक होते. १५० मी.हून खोल विहिरींत ५० मायक्रोग्रॅमची मर्यादा ओलांडणाऱ्यांचे प्रमाण सु. १% होते. ॲलन स्मिथ व सहकाऱ्यांनी २००० मध्ये धोक्याच्या छायेतील लोकसंख्या ३·५ ते ७·७ कोटी अशी अंदाजली व या घटनेची गणना इतिहासातील सर्वांत मोठ्या सामूहिक विषबाधेत केली.

हे आर्सेनिक कारखान्यांतून आलेले नव्हते. हिमालयातून वाहून आलेल्या गाळाच्या कणांवर लोहाच्या ऑक्साइडांचे लेप असतात व आर्सेनिक त्यांस चिकटलेले असते. गाळात पुरलेल्या वनस्पतिज द्रव्याचे सूक्ष्मजीवांकडून विघटन होताना ऑक्सिजन संपतो, लोहाचे क्षपण होऊन ते विरघळते व त्याबरोबर आर्सेनिक मोकळे होते. या कारणमीमांसेला रूपभेदाच्या मापनाने बळकटी आली. कारण अनेक विहिरींतील आर्सेनिकाचा मोठा भाग आर्सेनाइटाच्या रूपात सापडला. ऑक्सिजनविरहित वातावरणाचीच ही खूण होय.

क्षेत्रीय परीक्षण : प्रत्येक विहिरीचे पाणी प्रयोगशाळेत नेणे अशक्य असल्याने गुटसाइट परीक्षेवर आधारलेल्या सुटसुटीत पेट्यांचा वापर करण्यात आला. बांगला देशात २००० नंतरच्या तीन-चार वर्षांत सु. ५० लक्ष कूपनलिकांची अशी तपासणी झाली. ५० मायक्रोग्रॅमहून अधिक आर्सेनिक असलेल्या हातपंपांचे तोंड लाल व इतरांचे हिरवे रंगविण्यात आले. सु. १४ लक्ष पंप लाल ठरले. कागदावरील डागाचा रंग डोळ्यांनी ताडून पाहावा लागत असल्याने मर्यादेच्या आसपासच्या विहिरींच्या बाबतीत बऱ्याच चुका झाल्याचे जादवपूर विद्यापीठाच्या २००२ मधील तुलनात्मक अभ्यासात दिसून आले. अत्यंत दूषित विहिरी मात्र या पेट्यांनी बहुधा अचूक ओळखल्या. परस्परांपासून काही पावलांवर असलेल्या दोन विहिरींत आर्सेनिकाचे प्रमाण फार वेगळे असू शकते. म्हणून शेजारच्या हिरव्या पंपाचे पाणी वापरणे हा अनेक कुटुंबांना तत्काळ उपलब्ध असलेला उपाय ठरला व तो या स्थूल परीक्षणामुळेच शक्य झाला.

शुद्धीकरणाशी संबंध : तुरटी वा लोहाची लवणे वापरून, तसेच सक्रियित ॲल्युमिना किंवा लोह हायड्रॉक्साइडाच्या थरातून गाळून आर्सेनिक काढता येते. भारित आर्सेनेट या पृष्ठांना चांगले चिकटते. भाररहित आर्सेनाइट त्या मानाने कमी चिकटते. यासाठी प्रथम क्लोरीन, पोटॅशियम परमँगॅनेट वा ओझोन यांनी आर्सेनाइटाचे ऑक्सिडीभवन करावे लागते. पाणी नुसते हवेत उघडे ठेवल्याने ही क्रिया फार मंद गतीने होते. आर्सेनाइटाचे प्रमाण न मोजता उभारलेले शुद्धीकरण यंत्र म्हणूनच एका गावी उत्तम व दुसऱ्या गावी निरुपयोगी ठरू शकते. पाणी उकळल्याने आर्सेनिक नाहीसे होत नाही. वाफ गेल्यामुळे उरलेल्या पाण्यात त्याची संहती उलट वाढते.

शरीरातील आर्सेनिकाचे मापन मूत्रावरून करताना रूपभेद आवश्यक असतो. मासे खाणाऱ्या व्यक्तीच्या मूत्रात आर्सेनोबिटेनामुळे एकूण आर्सेनिक बरेच आढळते व विषबाधेचा चुकीचा संशय येतो. मिथिल गट जोडला जाणे ही शरीराची निर्विषीकरणाची क्रिया होय, असे दीर्घकाळ मानले जात होते. २००० च्या सुमारास मिथिलयुक्त त्रिसंयुजी रूपे आर्सेनाइटाहूनही अधिक विषारी असल्याचे व ती मानवी मूत्रात आढळत असल्याचे दिसून आल्यावर या कल्पनेत बदल करावा लागला.

भारतातील प्रसार : पश्चिम बंगालनंतर बिहारमधील भोजपूर जिल्ह्यात २००२ मध्ये व उत्तर प्रदेशातील बलिया जिल्ह्यात २००३ मध्ये आर्सेनिकयुक्त भूजल आढळले. झारखंड, आसाम व मणिपूर या राज्यांतही ते सापडले आहे. हे सर्व गाळाचे प्रदेश होत. याहून वेगळे उदाहरण छत्तीसगडमधील अंबागड चौकी परिसराचे आहे. तत्कालीन राजनांदगाव जिल्ह्यातील कौडीकसा व आसपासच्या गावांतील आर्सेनिकबाधा १९९९ मध्ये प्रसिद्धीस आली. तेथे आर्सेनिकाचा उगम कठीण खडकांत आहे. हा भाग महाराष्ट्राच्या पूर्व सीमेस लागून आहे. महाराष्ट्राचा बहुतेक प्रदेश दक्षिण ट्रॅपच्या बेसाल्टाने व्यापलेला असून त्यात आर्सेनिकाचे प्रमाण सामान्यतः अल्प असते. चंद्रपूर, यवतमाळ इ. जिल्ह्यांत पाण्यातील फ्ल्युओराइड हा अधिक व्यापक प्रश्न आहे. तथापि खडकांच्या सीमा राज्यांच्या सीमांशी जुळत नसल्याने पूर्व विदर्भातील स्फटिकी खडकांच्या भागात कूपनलिकांचे परीक्षण करताना आर्सेनिकाचा समावेश करणे इष्ट ठरते.

मार्श यांच्या काळी आर्सेनिकाचा एक डाग दिसणे पुरेसे होते. केल्व्हिन आयोगाला त्याचे प्रमाण हवे होते. आजच्या विश्लेषकाला प्रमाणाबरोबर रूपही सांगावे लागते. एक अब्ज भागांत एका भागाहून कमी आर्सेनिकाची रूपे ओळखणारी उपकरणे आता उपलब्ध आहेत. पण ती मोजक्या प्रयोगशाळांत असून बाधित विहिरी लक्षावधी खेड्यांत विखुरलेल्या आहेत. त्यामुळे नमुना योग्य रीतीने घेणे, साध्या परीक्षेची मर्यादा ओळखून ती पुनःपुन्हा करणे आणि तिचा निष्कर्ष पाणी भरणाऱ्या कुटुंबापर्यंत वेळीच पोहोचविणे, यांवरच या मापनशास्त्राचे सार्वजनिक मोल अवलंबून आहे.